मेसमधलं झाकून ठेवलेलं ताट

वसतिगृहात राहून कॉलेज केलेल्या कोणालाही विचारा, मेसमध्ये काय आवडायचं? आधी हसू येतं. मग पातळ वरणाचा उद्धार होतो, आठवड्यातून चारदा भेटणाऱ्या बटाट्याची आठवण निघते, गार झाल्यावर चामड्यासारख्या होणाऱ्या पोळीचं वर्णन होतं. एवढी तक्रार बाहेर पडली की खरं उत्तर येतं. कोणाला रविवारची फीस्ट आठवते. कोणाला रात्री उरलेल्या भाताला सकाळी दिलेली फोडणी. कोणाला एकादशीची साबुदाणा खिचडी, उपवास नसतानाही रांगेत उभं राहून मिळवलेली. नोकरी लागते, लग्न होतं, स्वतःची मुलं कॉलेजात जातात, तरी ही यादी विसरली जात नाही.

रमजानमध्ये ही आठवण काढायला एक कारण आहे. चांद्र वर्ष हे सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढे दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१७ आणि २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता. तेव्हा कॉलेजांना सुट्टी होती. मुलं आपापल्या घरी होती आणि सहरीला आई उठवत होती. २०२५ साली तो मार्चमध्ये आला, म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत. पुढे तो फेब्रुवारीत आणि जानेवारीत सरकत जाईल. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. थोडक्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारा रमजान आता बरीच वर्षं दिसणार नाही. घरापासून लांब शिकणाऱ्या मुलामुलींची सहरी आणि इफ्तार आता मेसच्या भरवशावर आहे.

मेसचं पंचांग

प्रत्येक मेसचं स्वतःचं पंचांग असतं आणि ते भिंतीवर लावावं लागत नाही. सोमवारी मटकी, मंगळवारी बटाटा, बुधवारी अंडी नाहीतर चिकन, गुरुवारी शाकाहारी, शुक्रवारी छोले, शनिवारी पिठलं किंवा खिचडी-कढी आणि रविवारी दुपारी फीस्ट. मेस बदलली की वार बदलतात, पण वारांची शिस्त बदलत नाही. मुलं तारखा विसरतात, पण वार विसरत नाहीत. बुधवार आहे हे कळायला त्यांना कॅलेंडर लागत नाही, जिन्यापर्यंत आलेला फोडणीचा वास पुरतो.

फीस्टचं जेवण खरं म्हणजे साधंच. पुरी, मटार घालून पुलाव, पनीरचे मोजके तुकडे तरंगणारी लाल भाजी, एक पापड आणि दोन गुलाबजाम. हेच जेवण घरी वाढलं तर कोणी वाहवा करणार नाही. पण मेसमध्ये त्यासाठी सहा दिवस वाट पाहिलेली असते. शिवाय पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. दुपारचं जेवण रात्रीपर्यंत पुरवायचं हे माहीत असल्यामुळे तिसरी वाटी मागताना कोणी लाजत नाही.

गावागणिक आवडी वेगळ्या. कोल्हापुरात बुधवार आणि रविवार रश्शाशिवाय सरत नाही. मटण परवडलं नाही तरी अंड्याला तांबडा रस्सा हवाच. जळगाव-धुळ्याकडची मुलं शेवभाजी आणि भरताच्या नावानं उसासे टाकतात. नागपूरच्या मुलांना पोह्यांवर तर्री नसेल तर तो नाश्ता वाटतच नाही. मराठवाड्यातल्या मुलांना पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी जवळची. कोकणातल्या मुलाला रोज पोळी खाऊन भाताची भूक राहून जाते. ही सगळी मुलं पुण्यात एका टेबलावर बसली की पहिलं भांडण आमटीतल्या गुळावरून होतं. वर्ष संपता संपता खानदेशातला मुलगा गोडसर आमटीची सवय करून घेतो आणि पुण्याचा मुलगा त्याच्या डब्यातल्या ठेच्याला हात घालायला शिकतो. ताटातला असा व्यवहार कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो, तरी तो पदवीइतकाच टिकतो.

या सगळ्यात एक पदार्थ जवळपास प्रत्येक मेसमध्ये वरच्या नंबरावर असतो, तो म्हणजे अंडा करी. त्याचं कारण चवीत कमी आणि सोयीत जास्त आहे. चिकन आलं की प्रश्न येतात. रोजा-नमाज पाळणारा मुलगा कोंबडी हलाल आहे का हे विचारतो. ते माहीत नसेल तर तो मुकाट्यानं डाळ-भात घेतो. दुसऱ्या कोणाचा त्या दिवशी वार असतो. चिकन महाग म्हणून तुकडे मोजून मिळतात, ते वेगळंच. अंड्याला यातलं फारसं काही आडवं येत नाही. ते मोजायला सोपं, वाढायला सोपं, आणि ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी त्याच रश्श्यात बटाटा सोडता येतो. मेसमधल्या लाडक्या पदार्थाची ही एक खूण आहे. ज्याच्यामुळे कमीत कमी लोकांना टेबलावरून उठावं लागतं, तो पदार्थ सगळ्यांचा होतो.

वरण पातळ का असतं

मेसच्या वरणाला हसणाऱ्यानं एकदा भटारखान्यात उभं राहून हिशेब मांडावा. १०० मेंबर असलेली मेस घेऊ. माणशी सरासरी चार पोळ्या धरल्या तर एका वेळेला ४०० पोळ्या होतात. किलोभर पिठात साधारण तीस-पस्तीस पोळ्या निघतात, म्हणजे एका जेवणाला बारा-तेरा किलो पीठ मळायचं, लाटायचं, भाजायचं. दोन वेळचं धरलं तर ८०० पोळ्या. हे काम बहुतेक ठिकाणी तीन-चार मावश्या करतात. महिन्याचे पैसे सुरुवातीला ठरलेले असतात, डाळीचा भाव मात्र महिनाभर ठरलेला नसतो. डाळ महागली म्हणून मेसचालक महिन्याच्या मध्यात पैसे वाढवू शकत नाही. मग पातेल्यात पाणी वाढतं. मुलं त्याला लबाडी म्हणतात. काही वेळा ती असतेही. पण बऱ्याचदा तो महिन्याअखेरीचा ताळेबंद असतो.

या हिशेबातला सर्वांत नाजूक शब्द आहे खाडा. मेसच्या भाषेत खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. मुलगा गावी गेला, आधी सांगून गेला, तर त्या दिवसांचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरायचा याचा प्रत्येक मेसचा नियम वेगळा असतो. न सांगता चुकलेल्या जेवणाचा खाडा मात्र कुठेच मिळत नाही, कारण त्याच्या पोळ्या लाटून झालेल्या असतात. मेसमध्ये सांगणं आणि सांगितलेलं लक्षात ठेवणं या दोन गोष्टींवर सगळा कारभार चालतो. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायचं की नाही, हेही त्याच्यावरच ठरतं.

असं झाकून ठेवलेलं ताट हा मेसमधला खरा आवडता पदार्थ. प्रॅक्टिकल लांबलं, गावाहून येणारी एसटी उशिरा पोचली, सामना हरून मुलं परतली आणि दार बंद व्हायच्या वेळेला कोणीतरी विचारलं, ‘मावशी, काही आहे का?’ आतून उत्तर आलं, ‘ठेवलंय, हात धुऊन बस.’ त्या ताटात कोरडी भाजी आणि गार पोळी असली तरी तिची चव लक्षात राहते. स्वयंपाक शंभर जणांसाठी झालेला असतो, ताट मात्र एकाची आठवण ठेवून वाढलेलं असतं.

एका पंगतीची किंमत

आज निरनिराळ्या जातीधर्मांची मुलं एका टेबलावर बसून एकाच पातेल्यातलं वरण घेतात, यात कोणाला विशेष वाटत नाही. महाराष्ट्रात हे आपोआप घडलेलं नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी शहरात शिकायला यायचा तेव्हा त्याला वार लावून जेवावं लागे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दरवाजे शोधायचे. नाहीतर माधुकरी मागायची. हे दरवाजे ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडत. बाकीच्यांनी शिकायचं ठरवलं तर राहायचं कुठे आणि खायचं काय, हा शाळेच्या फीच्या आधीचा प्रश्न होता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न नेमका ओळखला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. १९०६ साली मुस्लिम समाजासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही कोल्हापूरकरांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जैन, लिंगायत अशा इतर समाजांचीही बोर्डिंगं झाली. प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं होतं, कारण एकत्र जेवायला लोक तयार नव्हते. महाराजांनी त्या अडचणीवर रुसून न बसता आधी प्रत्येक मुलाच्या जेवणाची सोय केली.

पुढचं पाऊल त्याच कोल्हापुरात शिकलेल्या एका मुलानं टाकलं. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. तिथे मुलं दळण, पाणी, स्वयंपाक, भांडी ही कामं आळीपाळीनं करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. दरम्यान १९२५ साली सोलापुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनंही वसतिगृह सुरू केलं होतं.

साताऱ्याच्या त्या पंगतीचा खर्च कोणी सोसला, हे सांगायला हवं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेल्या होत्या. बोर्डिंगातल्या मुलांना त्यांनी आपली मुलं मानलं. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने एकामागून एक गेले. शेवटी मंगळसूत्रही त्यांनी त्यासाठीच दिलं. महाराष्ट्रातल्या मेसचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातलं सर्वांत महाग जेवण ते. त्या दिवशी मुलांच्या ताटात काय होतं याला महत्त्व नाही. ताट सगळ्यांचं होतं, एवढं पुरेसं आहे.

उपवास मेसला नवा नाही

मेसच्या मावशींना उपवास शिकवावा लागत नाही. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र, श्रावणी सोमवार, संकष्टी, हे सगळं त्यांच्या हिशेबात असतं. त्या दिवशी साबुदाणा आदल्या रात्री भिजतो, दाण्याचं कूट वेगळं काढलं जातं, फोडणीत मोहरी-हळद पडत नाही. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असला तरी उपवास सोडणाऱ्या मुलींचं ताट बाजूला ठेवलं जातं. पर्युषणाच्या दिवसांत जैन मुलांसाठी कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळ्या पातेल्यात होते. यात कोणाला उपकार वाटत नाही. मेसनं एवढं करायचंच असतं.

रोजा हाही मेसच्या दृष्टीनं असाच एक नेम आहे, फक्त त्याचं घड्याळ वेगळं आहे. संकष्टीचा उपवास चंद्र पाहून सुटतो, रोजा सूर्य मावळला की सुटतो. पहाटे उजाडायला लागण्याआधी खाऊन घ्यायचं, ती सहरी. त्यानंतर दिवसभर अन्न नाही, पाणीही नाही. सूर्यास्ताला खजूर आणि पाण्यानं रोजा सोडायचा, तो इफ्तार. मार्चमध्ये आपल्याकडे पहाटे पाच ते साडेपाचच्या सुमारास सहरी आटोपावी लागते आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास इफ्तार होतो. म्हणजे तेरा तासांहून थोडा जास्त उपवास. त्यानंतर रात्री तरावीहची नमाज आणि मग अभ्यास.

आता हे घड्याळ मेसच्या घड्याळाशेजारी ठेवून पाहा. नाश्ता सकाळी आठला, जेवण दुपारी बाराच्या पुढे, चहा पाचला, रात्रीचं जेवण साडेसात-आठला. सहरीच्या वेळेला भटारखाना कुलपात असतो. इफ्तारच्या वेळेला चहा संपलेला असतो आणि जेवणाला तास-दीड तास असतो. दुपारचं जेवण, ज्याचे पैसे भरलेले आहेत, ते महिनाभर वाया जातं. रोजा पाळणारा विद्यार्थी दोन वेळचे पैसे भरून एकच वेळ जेवतो आणि सहरी-इफ्तारचा खर्च वरून करतो. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या, फळविक्रेत्याच्या घरातून आलेल्या मुलाला हा वरचा खर्च झेपत नाही. तो बोलत नाही. बिस्किटाचा पुडा आणि पाणी एवढ्यावर सहरी करतो. मग दुपारच्या पेपरला डोकं जड होतं आणि त्याचं खापर रोज्यावर फुटतं.

दुपारच्या ताटाच्या बदल्यात

यावर उपाय फार मोठा नाही. ज्या मेसमध्ये तो सापडला तिथे तो मेसच्या नेहमीच्या शहाणपणातूनच निघतो. दुपारी जेवायचं नाही हे आधीच माहीत आहे. मग त्या ताटाच्या बदल्यात रात्रीच्या जेवणानंतर सहरीचा डबा भरून द्यायचा. पीठ तेच, तेल तेच, पैसे तेच. मेसचं नुकसान नाही, मुलाची सोय होते.

डब्यात काय द्यायचं, हे मात्र विचार करून ठरवावं लागतं. रात्री नऊला भरलेला डबा पहाटे पाचला उघडायचा आहे आणि मार्चमध्ये रात्रीही उकडायला लागतं. आमटी, उसळ, वरण-भात आंबण्याची भीती. त्याऐवजी प्रवासाला देतात ते पदार्थ कामाला येतात. दुधात मळलेली दशमी, मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी बेतानं. उकडलेली अंडी सालासकट द्यायची, केळी द्यायची. दही लावायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. लोणचं, पापड आणि खारे दाणे टाळायचे, कारण दिवसभराची तहान त्यांच्यापासून सुरू होते. आपल्या आज्यांनी पंढरीच्या वाटेसाठी जी शिदोरी बांधली, तीच सहरीलाही उपयोगी पडते.

रोजेदार मुलांनी सांगितलेल्या आवडीही अशाच साध्या असतात. घरी सहरीला दुधात भिजवलेल्या फेण्या किंवा रात्रीच्या खिम्याबरोबर ताजी पोळी असते. मेसमध्ये तेवढी अपेक्षा कोणी ठेवत नाही. तिथे सहरीचा राजा म्हणजे गरम चहा. मेसच्या चहावाल्यानं पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटवला तर रोजा नसलेली मुलंही पुस्तक हातात घेऊन खाली येतात. परीक्षेच्या दिवसांत रात्र जागणारे आणि सहरीला उठणारे यांची गाठ तिथे पडते. एक झोपायला निघालेला असतो, दुसरा नुकताच उठलेला असतो, आणि दोघांच्या हातात एकाच किटलीतला चहा असतो.

मुलींच्या वसतिगृहात

मुलांचं कसंतरी निभावतं. रात्री उशिरा बाहेर जाऊन अंडाभुर्जी खाता येते, इफ्तारला जवळची मशीद गाठता येते. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री ठरलेल्या वेळेला बंद होतं आणि पहाटे ते उघडत नाही. खोलीत हीटरची कॉईल किंवा विजेची किटली ठेवायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. ती बंदी आगीच्या भीतीनं घातलेली असते, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. पण मग पहाटे पाचला साधं गरम पाणीही मिळत नाही.

अशा वेळी मुलींनी शोधलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या असतात. रात्रीचं दूध थर्मासमध्ये भरून ठेवायचं. पोहे भिजवून दही-साखर घालून खायचे, त्याला चूल लागत नाही. सातूचं पीठ घरून आणायचं आणि गूळ घालून कालवायचं. मेथीचे लाडू, खजुराचे लाडू, दाण्याचे लाडू, प्रत्येकीच्या आईनं काहीतरी पाठवलेलं असतं. एकीचा गजर चार खोल्यांना उठवतो. रोजा नसलेली खोलीतली मैत्रीण कूस बदलून म्हणते, ‘पाणी पिऊन घे गं, वेळ होत आली.’ अर्धवट झोपेत केलेली ती आठवण डब्यातल्या लाडवाइतकीच पोटाला आधार देते.

वॉर्डनबाईंनी मनावर घेतलं तर एवढ्याही युक्त्या लागत नाहीत. जेवणघराच्या एका कोपऱ्यात एक शेगडी, एक पातेलं आणि पहाटे तासभर तिथे थांबणारी एक मावशी. या मावशीला त्या तासाचे वेगळे पैसे द्यायला हवेत, हे विसरून चालणार नाही. सगळ्यांची सोय तिच्या झोपेतून काढायची आणि वर माणुसकीच्या गप्पा मारायच्या, हे रमजानलाही शोभत नाही आणि मेसलाही नाही.

वर्तमानपत्राचा दस्तरखान

इफ्तारची वेळ जवळ आली की वसतिगृहातल्या एखाद्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं जातं. तोच दस्तरखान. खजूर कोणीतरी गावाहून आणलेला असतो. मार्चमध्ये कलिंगड स्वस्त असतं, त्यामुळे ते असतंच. ते कापायचं काम बहुतेक वेळा रोजा नसलेल्या मित्राकडे जातं, कारण रोजेदार तेव्हा लायब्ररीतून किंवा प्रॅक्टिकलवरून धावत येत असतो. सरबताचा रंग लाल, ग्लास मेसमधून न विचारता आणलेले. कोपऱ्यावरच्या गाडीवरून भजी येतात. त्यातही कांदाभजीला पहिला मान. एरवी पावसाची वाट पाहणारी कांदाभजी रमजानमध्ये महिनाभर रोज भेटतात. उकडलेल्या हरभऱ्यांना कांदा, लिंबू, कोथिंबीर लावली की चाट तयार होते.

अजान झाली की खजूर उचलला जातो. पहिली दोन मिनिटं कोणी बोलत नाही. रोजा नसलेला मित्रही तेवढा वेळ भज्याला हात लावत नाही. त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. पुढच्या पाच मिनिटांत मात्र भजी संपतात आणि शेवटच्या भज्यावरून धर्मनिरपेक्ष भांडण होतं.

मेसनं इथेही थोडा हातभार लावला तर गोष्टी सोप्या होतात. पाचच्या चहाबरोबर मिळणारा नाश्ता रोजेदारांसाठी बाजूला काढून पावणेसातला द्यायचा. त्या दिवशी बटाटेवडे असतील तर वडे, भेळ असेल तर भेळ. नवीन काही करायला नको, फक्त ठेवायला हवं. एखाद्या शुक्रवारी मेसमध्ये खिचडा करायचं ठरलं तर गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवायला वेळ लागतो. पण त्याच पातेल्याशेजारी मांस न घालता केलेला डाळींचा खिचडा ठेवला की पंगत पूर्ण होते.

श्रीखंड आणि शीरखुर्मा

२०२५ साली एक योग आला होता. त्या वर्षीचा रमजान मार्चच्या सुरुवातीला सुरू झाला आणि १४ मार्चला धुळवड आली. म्हणजे होळीची पुरणपोळी रमजानच्या मधोमध. रोजेदार मुलांसाठी पुरणपोळ्या झाकून ठेवल्या गेल्या आणि इफ्तारनंतर दुधात बुडवून खाल्ल्या गेल्या, अशी मेस शोधायला लांब जावं लागलं नसतं. पुढे ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ३१ मार्चला ईद-उल-फित्र. आदल्या दिवशी श्रीखंड-पुरी, दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा. परीक्षेमुळे घरी जाता न आलेल्या मुलांनी दोन दिवस गोड खाल्लं. ईदच्या सकाळी शेजारच्या मोहल्ल्यातून आलेला शीरखुर्म्याचा डबा वसतिगृहात किती वेळ टिकतो, हे वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको.

सण असे दरवर्षी शेजारी येत नाहीत. पण मेस रोज असते आणि रमजान पुढची कित्येक वर्षं कॉलेजच्या दिवसांतच येणार आहे. त्यासाठी मोठ्या इफ्तार पार्टीची, फोटोची, पाहुण्यांची गरज नाही. रमजानच्या चार दिवस आधी मेस सेक्रेटरीनं रोजा ठेवणाऱ्यांची नावं विचारून घ्यावीत. रोजा ठेवणाऱ्यांनीही संकोच न करता नाव द्यावं, कारण सांगितल्याशिवाय ताट राहत नाही. दुपारच्या ताटाच्या बदल्यात डबा, चहाचा नाश्ता पावणेसातला, पहाटे गरम पाणी आणि ते करणाऱ्या मावशीला त्याचे पैसे. एवढ्या चार गोष्टी ठरल्या तरी महिना निभावतो.

प्रत्येक मेसमध्ये खाड्याची एक वही असते. तिच्यात नावापुढे लिहिलेलं असतं, ‘गावी’, ‘आजारी’, ‘एकादशी’. त्याच वहीत आणखी काही नावांपुढे ‘रोजा’ असं लिहायला एक ओळ पुरते.